धाकटीची कुपी

सोमवार, २ तारीख

पोचलो एकदाच्या. बसमधून उतरल्या उतरल्या छकुलीनं विचारलं, इथले रस्ते एवढे उतरते आहेत तर माणसं घरंगळत कशी नाहीत. पाच वर्षांची मुलगी ती! आम्ही दोघी हसत सुटलो. ताई घ्यायला आली होती. गंमत म्हणजे ती माझ्यापासून चार हातांवर उभी होती आणि मी तिच्या डोक्यावरून इकडेतिकडे शोधत होते. तिनं दंडाला हात लावला तेव्हा दचकलेच. सहा वर्षांनी भेटतोय, चेहरा विसरले असेन, असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. जड बॅग तिनं घेतली आणि पुढे चालायला लागली.

घर म्हणजे अत्तराच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या. खिडक्या मोठ्या, फरशी गार, मोरीतला नळ ठिबकणारा. पुढे लांबलचक बैठी इमारत. तिच्यात लाकडाचे ढलपे भिजत घालायचे हौद, तांब्याची भट्टी आणि सगळ्यांत शेवटी काचेच्या कपाटांची खोली. तिथं मालक बसतात. ताई त्यांना पाठीमागे नाकसाहेब म्हणते. नाक मोठं आहेच, पण नाव त्यावरून पडलेलं नाही. दारातून आत येणाऱ्याचं कूळ-मूळ ते म्हणे वासावरून सांगतात. माझ्याकडे बघून डोळे मिटले आणि म्हणाले, तुम्ही लाँड्रीत कामाला होता. मी थक्क. मग कळलं की ताईनं ते आधीच सांगून ठेवलं होतं.

लाँड्रीत मी अकरा वर्षं काढली. डाग शाईचा की औषधाचा, तेलाचा की रक्ताचा, हे मी कपडा नाकाशी नेऊन सांगायचे. नवरा गेल्यावर सासरी आधी जागा कमी पडायला लागली, मग माया. तेवढ्यात ताईचं पत्र आलं. खरं लिहायचं तर पाकिटावरचं अक्षर कुणाचं हे मला क्षणभर कळलंच नाही. सख्खी बहीण, आणि मला आठवावं लागलं. आत लिहिलं होतं, काम बसून करायचं आहे, अंगाला तेल लावून घ्यायचं आणि वास दिवसभर कसा बदलतो ते लिहायचं, तुझं नाक चांगलं आहे, मुलीला घेऊनच ये. आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत.

कामाची वही वेगळी आहे. ही माझी.

मंगळवार, ३ तारीख

आज पहिला दिवस. तेलाला नाव नाही, नंबर आहे. सत्तावीस. नाकसाहेबांनी काचेच्या काडीनं एक थेंब डाव्या मनगटावर, एक कोपराच्या आतल्या बाजूला आणि एक गळ्याच्या खळगीत ठेवला. चोळायचं नाही, पुसायचं नाही, हात धुवायचा तर उजवा. मग खिडकीशी बसायचं आणि दर अर्ध्या तासानं नाक लावून लिहायचं. एवढंच काम.

पहिली दहा मिनिटं वास तीक्ष्ण होता, नुकतंच टोक काढलेल्या पेन्सिलीसारखा. मग गोडवा वर आला. साखरेचा नाही, भांड्याच्या कडेला सुकलेल्या सायीचा, आणि मागून मध. दीड तासानं लाकूड परत आलं, पण आता ते जुनं झालं होतं. बंद कपाट उघडावं आणि आत कुणीतरी कपडे मायेनं घडी करून ठेवलेले असावेत, तसं. मला वाटलं, झालं, आता हाच राहणार. पण तीनच्या सुमाराला गोडवा आणि लाकूड दोन्ही बाजूला झाले आणि खालून तिसरंच काही आलं. उबदार, जरासं खारट, इस्त्रीच्या वाफेसारखं. ओळखीचं होतं, अगदी ओठांवर होतं, पण सांगता येईना. मी वहीत प्रश्नचिन्ह केलं.

छकुली खेळून आली आणि सवयीनं माझ्या मानेत तोंड खुपसलं. म्हणाली, आज तुला खूपच आईचा वास येतोय.

नाकसाहेबांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच हसले. म्हणाले, हलकं अत्तर स्वतःचा वास देतं. हे तेल माणसाच्या अंगातला वास वर काढतं आणि धरून ठेवतं.

संध्याकाळी ताईनं हाताला आणि गळ्याला पट्ट्या बांधल्या. पांढऱ्या, बिनवासाच्या चरबीत बुडवलेल्या. तासभर ठेवायच्या, की तेलाचा कण न् कण त्यांत उतरतो आणि कातडी दुसऱ्या दिवसासाठी कोरी होते. पट्ट्या सोडून तिनं त्या एका बरणीत ठेवल्या आणि झाकण घट्ट लावलं. टाकून द्यायच्या चिंध्यांना एवढं जपतात, म्हणून मला हसू आलं.

गुरुवार, ५ तारीख

ताईला विचारलं, हे सुखाचं काम तू का नाही केलंस. तिनं कुपी उघडली आणि स्वतःच्या मनगटावर एक थेंब घेतला. सकाळी पेन्सिल, दुपारी पेन्सिल, संध्याकाळीही पेन्सिल. दगडावर ठेवल्यासारखं. काही जणांच्या अंगावर चढत नाही, एवढंच म्हणाली.

एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. सहा वर्षं अत्तराच्या कारखान्यात असून ताईला कसलाच वास नाही. घामाचा नाही, साबणाचा नाही, केसांचा नाही. मी तिच्या कुशीत शिरून बघितलं. हवेला मिठी मारल्यासारखं वाटलं.

दोघी मिळून कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो. ताईनं तीनदा पाव मागितला. बेकरीवाली तिच्या मागच्या माणसाला विचारत होती, काय देऊ. मी नुसती पुढे झाले तर बाईनं माझी विचारपूस केली, छकुलीच्या हातावर बिस्कीट ठेवलं, थंडी मानवते का विचारलं. बाहेर आल्यावर मी ताईला म्हटलं, तुझ्यापेक्षा दाराला जास्त भाव आहे गं इथं. ती हसली नाही. वाईट वाटलं मग.

फाटकावरच्या राखणदाराचा कुत्रा माझ्यावर खूश आहे. मी दिसले की शेपटीबरोबर सगळा मागून हलतो.

सोमवार, ९ तारीख

इतकी शांत झोप मला लग्नाआधी लागायची. सकाळी ताई माझे केस विंचरते, लहानपणी विंचरायची तसे, मानेशी जरा जोरात ओढून. छकुलीची तर चंगळ आहे. मावशीच्या पाठीवर बसून हौदाभोवती फेऱ्या चालतात.

ताईला माझं सगळं जाणून घ्यायचं असतं. छकुलीला उठवताना मी काय म्हणते, ती रडली की आधी पाठीवर हात फिरवते की डोक्यावर, दूध पिताना गोष्ट कुठून सुरू करायची. मी सांगते. सहा वर्षं जिला कुणी नव्हतं तिला कौतुक असणारच. कालच्या गोष्टीतला ससा तिनं पाठ करून मला म्हणून दाखवला, जिथं मी थांबते तिथंच थांबून.

तेलाचं म्हणाल तर ते आता लवकर चढतं. तो शेवटचा वास, ज्यापुढे मी प्रश्नचिन्ह केलं होतं, आज तीनऐवजी साडेअकरालाच आला. नाकसाहेब माझ्या मनगटाशी वाकून बराच वेळ तसेच राहिले. मग ताईला म्हणाले, फार मोकळेपणानं देतेय. मला वाटलं, तेलाबद्दल म्हणताहेत.

शनिवार, १४ तारीख

आजची नोंद विचित्र आहे. पेन्सिलीचा वास निघून जायच्या आतच इस्त्रीची वाफ आली. वीस मिनिटांत सगळं येऊन गेलं. अकरा वाजता मनगट नाकाशी धरलं तर काहीच नाही. तेल लावलेलं दिसतंय, चमकतंय, आणि वास नाही. सर्दी झाली असेल म्हणून भट्टीजवळ जाऊन हुंगलं. तिथं लाकूड, धूर, तांबं, सगळं व्यवस्थित आलं. म्हणजे नाक शाबूत आहे.

घरी येऊन कालची साडी हुंगली. लाँड्रीतली बाई मी. न धुतलेला कपडा मला लांबूनही कळतो. साडी कोऱ्या कागदासारखी निघाली.

फाटकावर कुत्रा झोपला होता. मी हाक मारली. त्यानं डोळा उघडून माझ्या पलीकडे बघितलं आणि पुन्हा मिटला.

बुधवार, १८ तारीख

छकुली हौदाच्या कडेला साबणावरून घसरून पडली. गुडघा फुटला. मी खिडकीत होते, ताई दारात. मी धावले. पोरीच्या डोळ्यांत पाणी, तिला समोरचं दिसत नव्हतं. ती माझ्याजवळून गेली, अगदी पदराला घासून गेली, आणि ताईच्या पोटात तोंड खुपसून रडली. आई, आई करत. ताईनं आधी पाठीवर हात फिरवला, मग डोक्यावर.

मग छकुलीनं वर बघितलं. चेहरा मावशीचा. ती गोंधळली, मग हसली. ताईपण हसली. मी तिला घ्यायला वाकले तेव्हा ताईच्या अंगावरून झुळूक आली.

इस्त्रीची वाफ. जरासं खारट.

एकाच साबणानं अंघोळ करतो, एका बादलीत कपडे भिजवतो. असेल. सख्ख्या बहिणी आहोत. पण जिला पंधरा दिवसांपूर्वी कसलाच वास नव्हता —

बेकरीत मी अर्धा तास उभी होते. चार गिऱ्हाइकं आली आणि गेली.

शनिवार, २१ तारीख

ताईला म्हटलं, मला हे काम नको. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाली, तीन-चार दिवस राहिलेत, पूर्ण कर, मग तुला हवं तसं करू, मी आहे ना. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. किती बरं वाटलं. आईच्या कुशीत शिरल्यासारखं नाही, त्याहून जवळचं. उशीत तोंड खुपसून झोपावं तसं. स्वतःच्या उशीत.

आज छकुलीला भरवायला बसले तर तिनं तोंड फिरवलं. हट्ट नव्हता, राग नव्हता. परक्या बाईच्या हातून खाताना लाजतात तशी लाजली. ताईनं तोच घास घेतला, तिनं खाल्ला.

मंगळवार, २४ तारीख

दुपारी नाकसाहेब आणि ताई लाकडाची गाडी उतरवून घ्यायला गेले होते. मी काचेच्या खोलीत गेले. मला कुणी अडवलं नाही. कामगार दोनदा माझ्याजवळून गेला, दुसऱ्यांदा धडकला आणि दाराकडे बघून सॉरी म्हणाला.

मधल्या कपाटात दोन खण. वरच्यात बारीक कुप्यांची रांग, प्रत्येकीवर चिठ्ठी. धाकटी, दिवस पहिला. धाकटी, दिवस दुसरा. अशा एकोणीस. खालच्या खणात मोठ्या कुप्या, चिठ्ठ्या पिवळ्या पडलेल्या. थोरली. सगळ्या रिकाम्या. बुचांना फक्त पेन्सिलीचा वास.

दिवस पाचवा उघडून हुंगली. मी होते ती. माझ्या उशीचा, पदराचा, छकुलीला दूध पाजायचे तेव्हाच्या रात्रींचा वास. सुकलेल्या सायीवर आणि जुन्या लाकडावर अलगद ठेवलेली मी. बरणीतल्या पट्ट्या ताई का जपायची ते कळलं.

शेजारी नोंदवही. अक्षर ताईचं. काही ओळी उतरवून घेते, कारण उद्या मलाच खरं वाटणार नाही.

“धाकटीला पत्र टाकलं. रक्त एकच असल्यामुळे तिचं माझ्या अंगावर बसेल असं साहेबांचं म्हणणं.”

“धाकटी येणार. सोबत मूल आहे. बरं झालं. मुलाच्या नाकावर तपासून बघता येईल.”

“दिवस चौदावा. मूल पडलं. डोळे मिटून माझ्याकडे आलं. चेहरा दिसल्यावर थोडं अडलं. आणखी तीन कुप्या लागतील.”

छकुली तिथं खेळते म्हणून हौदाची कड मी रोज पुसायचे. त्या दिवशी तिथं साबण कुणी सांडला होता, ते वहीत लिहिलेलं नाही.

बुधवार, २५ तारीख

सकाळी तिच्यापुढे नोंदवही टाकली. ती कपडे वाळत घालत होती. घालत राहिली.

मी विचारलं, माझ्याशी असं करायला तुझा हात कसा धजला.

ती म्हणाली, “मला तुझं वाईट करायचं नव्हतं. मला कुणाला तरी दिसायचं होतं.”

मग तिनं सांगितलं. आवाज न चढवता, चिमटे लावत लावत. सहा वर्षांपूर्वी तीही अशीच हसत आली होती. तेलानं दोन महिन्यांत तिला सगळी उतरवली आणि तिच्या कुप्यांतलं अत्तर विकलं गेलं. कुणीतरी कुठेतरी तिला कानामागे लावून मिरवलं आणि संपवलं. तेव्हापासून तिला कुणी हाक मारली नाही. दवाखान्यात तिचा नंबर आला की पुढच्याला बोलवायचे. घरी तिनं पत्रं टाकली. एक नाही, चाळीसेक.

“तू एकाचं तरी उत्तर दिलंस?” तिनं विचारलं. “तुझ्या लग्नाचं मला कुणी कळवलंसुद्धा नाही. घरात थोरली होती हे तुमच्या ध्यानातून गेलं होतं. तूसुद्धा विसरलीस मला.”

मला ती पत्रं आठवली. यायची, खरंच यायची. मी ती वाचून ठेवायचे, आणि ठेवली की विसरायचे. त्याचं कारण आज कळलं. पण ताई, मी विसरले ते मला माहीत नव्हतं. तू विसरली नव्हतीस. तुला सगळं माहीत होतं, आणि तू माझे केस विंचरत होतीस.

हे मी तिला म्हटलं. ती म्हणाली, हो.

तेवढ्यात छकुली बाहेर आली. ओल्या चादरींमधून आम्हा दोघींकडे बघितलं, आणि ताईचा पदर धरला.

शुक्रवार, २७ तारीख

नाकसाहेबांकडे गेले. माझं मला परत द्या म्हटलं. ते अदबीनं उठले, खुर्ची दिली, आणि विचारलं, आपण कोण.

मी सांगितलं. त्यांनी नोंदवही चाळली, बोट ठेवून वाचलं, मान हलवली. म्हणाले, बाई, उतरलेलं परत चढत नाही. वर्षानुवर्षं अंगात मुरलेलं असतं ते. कुपीतलं लावलंत तर सहा तास टिकेल फार तर. रक्ताचं माणूस असेल तर त्याचं मात्र बसतं, तेही ते माणूस पूर्ण उतरलं तर.

मग त्यांनी विचारलं, तुम्हाला मूल आहे ना एक?

मी खुर्ची पाडून बाहेर आले.

शनिवार, २८ तारीख

बेकरीतून जावेला फोन लावला. मी बोलतेय म्हटलं. ती म्हणाली, कोण मी. नाव सांगितलं. मागे तिच्या सासूला, म्हणजे माझ्याही सासूला, विचारलेलं ऐकू आलं. मग म्हणाली, असं कुणी आमच्यात नाही हो. फोन ठेवला.

पाच-सहा वर्षं एका मोरीत कपडे धुतले आम्ही.

सोमवार, ३० तारीख

गेल्या. दोघीही. खोल्या रिकाम्या. छकुलीचे कपडे नाहीत, बाहुली नाही. वरचा खण रिकामा. चिठ्ठी नाही. कुणासाठी ठेवणार —

खालच्या गल्लीत खोली घेतलीय. शाळेजवळ. खिडकीतून बघितलं. ताई तिला ससा सांगत होती. मी थांबते तिथंच थांबत होती.

काचेवर हात मारला. ताईनं बघितलं. मला बघितलं, नीट बघितलं. तिला मी दिसते. एकटी तीच.

पडदा ओढला.

मंगळवार, ३१ तारीख

शाळेच्या फाटकाशी उभी. छकुली हातभर अंतरावरून. हाक मारली. तिनं वळून पाहिलं, घाबरली. अनोळखी बाईनं नाव घेतलं की घाबरायचं, हे मीच शिकवलं होतं.

गुरुवार, २ तारीख

मिळाली. नाकसाहेबांच्या मेजाच्या खणात, नमुन्याला ठेवलेली. धाकटी, दिवस पहिला. तीन थेंब. सगळ्यांत दाट कुपी हीच. ते समोर बसले होते. मी खण उघडला, कुपी घेतली, त्यांनी डोकंही वर केलं नाही.

९.४० — एक मनगटाला, एक गळ्याला, एक कानामागे. पेन्सिल.

१०.१५ — साय, मध. शाळेत गेले. शिपायानं नमस्कार केला. बाईंनी बसायला खुर्ची दिली. मला. म्हणाल्या, आज लवकर नेताय? छकुली पळत आली. मानेत तोंड खुपसलं. कुठे गेली होतीस तू, म्हणाली. रागावली होती माझ्यावर. किती गोड रागावली होती. मी बाईंसमोर रडले.

११.३० — जुनं लाकूड. स्टँडवर बस लागली आहे, लांबची. शेवटच्या सीटवर बसलो. सहा तासांतले चार उरलेत. साडेतीन-चारपर्यंत. तेवढ्यात तिला माझी ओळख शिकवायची. नाकानं नाही, डोळ्यांनी. छकुली, माझा चेहरा बघ. भुवईवर व्रण आहे, इस्त्री लागली होती. डावा कान जरा पुढे. आवाज असा. आईच्या करंगळीचं नख वाकडं. म्हणून दाखव. तिला खेळ वाटला. तिनं म्हणून दाखवलं. पुन्हा. पुन्हा.

१.०० — आले. इस्त्रीची वाफ. मी आले. ती मांडीवर झोपली आहे, तोंड माझ्या मनगटाशी. कंडक्टरनं विचारलं, मुलगी तुमचीच ना, तोंडवळा अगदी तुमचा आहे. हो म्हटलं. माझीच.

२.२० — ताईला कळलं असेल एव्हाना. ही बस गावोगाव थांबतेय, गाडी केली तर ती पुढे गाठेल. तिच्याकडे अठरा कुप्या. माझ्याकडे हात.

३.०५ — पातळ होतंय. मी मनगट झाकून धरलंय, वाऱ्यानं जाऊ नये म्हणून. खिडकी बंद केली. कंडक्टर आला, पुढच्या सीटपर्यंत तिकिटं तपासून परत गेला.

३.३० — मनगटावर नाही. गळ्याचं मला हुंगता येत नाही —

३.४० — ती हलली. मनगट सोडून मान वळवली तिनं. झोपेतच.

३.५० — जागी झाली. माझ्याकडे बघतेय. रडत नाही. मी हसले. भुवईवरचा व्रण दाखवला. तिनं बोट ठेवलं त्यावर. कान बघितला. करंगळी हातात घेतली, वाकडं नख बघितलं. सगळं म्हणून दाखवलं, एकही चूक नाही. मी म्हटलं, मग मी कोण?

ती म्हणाली, काकू, माझ्या आईचं पण अस्संच आहे सगळं. ती कुठल्या स्टॉपवर चढणार आहे?

मी म्हटलं, बाळा, मीच —

बस थांबते आहे. पुढचं दार उघडलं. इस्त्रीची वाफ आत आली. छकुलीनं नाक वर केलं. ती मांडीवरून उतर